क्लेरिक नसेल तर? (तुम्ही विचारलंत म्हणून)

"दुसऱ्या लेव्हलची पार्टी आहे, क्लेरिक कोणी नाही, पुढे थडगी आहेत. काय काय घेऊन जाऊ?" इंदुरात डी अँड डी, म्हणजे फासे टाकून काल्पनिक साहसं खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', खेळणारं कोणीही भेटलं की मला हे विचारतं, कारण आमच्याकडे खेळ मी चालवते. पार्टी म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, क्लेरिक म्हणजे तिच्यातला देवाच्या बळावर मंत्र चालवणारा पुजारी. मी सांगायला लागते, आणि गदेपर्यंत पोचते न पोचते तोच दुसरा प्रश्न येतो. खरं तर तोच विचारायचा असतो: "पण मग तू काकांच्या विझार्डला, त्यांच्या खेळातल्या जादूगाराला, मारलंस कशाला?" आता तर ज्यांनी जन्मात वीस बाजूंचा फासा पाहिला नाही अशा मावश्याही लग्नाच्या पंगतीत हे विचारतात. तेव्हा एकदाच लिहून टाकते.

आधी सामान, कारण ते सोपं आहे. आम्ही अजून २०१४ची नियमावली खेळतो, आकडे तिथलेच. सांगाड्याचे हिट पॉइंट, म्हणजे मरेपर्यंत सोसायची ताकद, १३, आणि ठेचणाऱ्या हत्याराने त्याला दुप्पट लागतं. म्हणून तलवारबाजानेही कमरेला गदा लावावी. पाच सोन्याची नाणी जड वाटत असतील तर साधा सोटा चांदीच्या एका नाण्यात मिळतो. झोंबीचं वेगळं. तो शून्यावर आला तरी उठू शकतो, आणि उठण्यासाठी त्याला गाठायचा आकडा असतो पाच अधिक तुम्ही केलेलं नुकसान. म्हणजे उरलेल्या दोन पॉइंटांसाठी सुरी खुपसलीत तर तो बहुतेक वेळा उठतो. शेवटचा घाव पार्टीतल्या सगळ्यात दांडग्या माणसाने घालावा. आणि झोंबी एका खेपेला २० फूट चालतो, तुम्ही ३०. एवढ्यावरून ज्याला काही सुचत नाही त्याला होली वॉटरही, म्हणजे मंतरलेलं पवित्र पाणीही, वाचवणार नाही. विष विसरा. स्लीपचा मंत्र विसरा, अनडेडला, म्हणजे मेल्यावरही चालणाऱ्यांना, झोप लागत नाही.

होली वॉटरवरून माझं माझ्याशीच भांडण आहे. पूर्वी मी सगळ्यांना सांगायचे, असेल नसेल ते विकून दोन बाटल्या घ्या. आता पाहा: एक बाटली २५ सोन्याची, आधी नेम लागायला हवा, लागला तर दोन सहाबाजू फासे, सरासरी सात. तेवढ्या पैशांत तेलाच्या अडीचशे कुप्या येतात. पण तेव्हाची मी म्हणेल, की रेडियंट, म्हणजे दैवी तेजाच्या, नुकसानाने झोंबी उठत नाही आणि शॅडोला, म्हणजे सावलीच्या भुताला, ते दुप्पट लागतं, तेलाने यातलं काय होतं? तिचंही बरोबर आहे. मग मी कोणाला काय सांगू?

आणि क्लेरिक. क्लेरिक नाही म्हणजे आपण मेलोच, असा चेहरा करून लोक येतात. १९७४ साली हा खेळ छापला गेला त्याच्याही आधी, खेळाच्या दोघा कर्त्यांपैकी डेव्ह आर्नेसनच्या टेबलावर एक खेळाडू व्हॅम्पायर होऊन माजला होता, त्याला आवरायला क्लेरिक घडवला गेला. तेव्हा धाक आहेच त्याचा. पण दुसऱ्या लेव्हलच्या टर्न अनडेडने, म्हणजे अनडेडला पिटाळायच्या क्लेरिकच्या शक्तीने, ते फक्त पळतात, आणि पळणाऱ्याला एक जरी ओरखडा आला तरी मंत्र तुटतो. आमचा फायटर, म्हणजे लढवय्या खेळणारा माझा आतेभाऊ, पळणाऱ्याला पाठीमागून बाण मारल्याशिवाय राहिलेला नाही. क्लेरिक असता तरी त्याने त्याचा धर्म वायाच घालवला असता.

आता काका.

काका बँकेतून निवृत्त झालेले. रामबागेतल्या घरी रविवारी आमचा अड्डा जमायचा, ते शेव-पोह्यांची बशी घेऊन बाजूला बसायचे, आणि एके दिवशी म्हणाले, "अगं बेटा, मलाही दे एक माणूस." त्यांना विझार्ड हवा होता. बँकेच्या जुन्या डायरीत त्यांनी मंत्र लिहिले, प्रत्येकाला एक पान, समोर पल्ला आणि नुकसान, खाली तारीख घालून कुठे वापरला त्याची नोंद. आमच्या टेबलावर नोंदी ठेवणारा तेवढा एकच माणूस. स्ट्रेंग्थ, म्हणजे अंगातलं बळ, त्यांनी ८ ठेवली, कारण "विझार्डला गाठोडी उचलायची आहेत का?"

थडग्यांचा नकाशा मी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या समाधींवरून, बेतला होता. बाहेर खांबांचा मंडप, आत अंधारी खोली, शेजारी नदी. होळकरांनी क्षमा करावी. मंडपात सांगाडे होते, ते तर हे लोक सोट्यांनी फोडून मोकळे झाले. काकांनी मात्र उत्साहात दोन मॅजिक मिसाइल त्यांच्यावरच घालवली. हाताशी तीनच मोठे मंत्र, तिसरा सकाळीच मेज आर्मर या चिलखताच्या मंत्रात गेलेला. आतल्या दाराशी तीन चोरांची प्रेतं होती. जखम एकही नाही, हात-पाय वाळलेले, जवळच्या मशाली विझलेल्या. हे मी दोनदा वाचून दाखवलं. वहिनी, म्हणजे आमची रोग (rogue, चोरटी), म्हणाली, "विषबाधा." बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, खेळणारा ऑफिसातला मित्र एकटा म्हणाला, "भिया, निकल लो, सुबह आएँगे." सकाळी आले असते तर बरं झालं असतं. उन्हात शॅडोचा प्रत्येक हल्ला लंगडा पडतो, आणि दार उघडं ठेवून त्यांना बाहेर काढता आलं असतं. पण घड्याळात साडेआठ झाले होते, सोमवारी ऑफिसं होती, वहिनी म्हणाली, "आटपून टाकू या." खेळातल्या रात्री ते आत शिरले कारण बाहेरचा रविवार संपत आला होता.

मशाली पुढे, काका शेवटी. शॅडो बोटभर फटीतून येते आणि अंधुक उजेडात सहज लपते. पहिलीने काकांना मागून धरलं, पाच पॉइंट गेले. शॅडोच्या फटक्याने स्ट्रेंग्थही जाते; किती ते पाहायला मी चारबाजू फासा टाकला: चार. स्ट्रेंग्थ ८ची ४. काकांनी डायरीत खोडून लिहिलं. मग इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळ्या ठरवणारे फासे. आतेभावाच्या गदेचं नुकसान अर्धं झालं, कारण साधं हत्यार शॅडोला अर्धंच लागतं. वहिनीचा नेम चुकला. दुसरी शॅडो काकांवर गेली, लागलं, सहा पॉइंट. काका म्हणाले, "अजून तीन पॉइंट आहेत माझ्याकडे." मी फासा टाकला. सगळ्यांसमोर टाकते मी, पडदा लावत नाही. पुन्हा चार.

चार वजा चार. स्ट्रेंग्थ शून्य झाली की शॅडोच्या हातचा माणूस मरतो. बेशुद्ध होत नाही, डेथ सेव्ह, म्हणजे जगायचा शेवटचा फासा, नाही, मरतो. काकांनी विचारलं, "पण तीन आहेत ना?" मला ते समजावून सांगावं लागलं. दोनदा सांगितलं. बाकीच्यांनी दुसरी शॅडो कशी मारली ते मला आठवत नाही; मारली आणि बाहेर पळाले. काकांनी डायरी मिटली, बशी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि म्हणाले, "आता मी काय करायचं?" मी म्हटलं, नवा माणूस करू. ते म्हणाले, "आज नको."

यावर सगळ्यांचं म्हणणं ठरलेलं आहे: फाशावर तीन पडले म्हणाली असतीस तर कोणाला कळलं असतं? सगळ्यांना कळलं असतं, फासा टेबलावर होता. मग पडदा का नाही लावत? कारण तो एकदा लावला की पुढे कोणी वाचलं तरी मी वाचवलं असं होतं. दोन्ही वेळा चार येण्याची शक्यता सोळात एक. जुन्या आवृत्त्यांत वाइट नावाच्या अनडेडने नुसतं शिवलं तरी अख्खी लेव्हल जायची, आणि लोक खेळत होते. तासाभराची विश्रांती घेतली की शॅडोने नेलेली स्ट्रेंग्थ परत येते. पहिल्या फटक्यानंतर काकांना ओढून बाहेर काढायला तिघे होते, तिघांनीही हल्लाच केला. म्हणून मी आता सामान विचारणाऱ्यांना सांगते की शेवटचा मंत्र राखा, प्रेतं नीट बघा आणि कोण कोणाला ओढून पळणार ते आत शिरण्याआधी ठरवा. याला पैसे पडत नाहीत.

हे सगळं खरं आहे. आणि शॅडो निवडताना काकांची स्ट्रेंग्थ ८ आहे हे मला माहीत होतं, हेही खरं आहे. धोका सगळ्यांना सारखा असावा असं मी तेव्हा म्हणत होते, आजही म्हणते. फक्त आतेभावाची स्ट्रेंग्थ १६ होती, तेव्हा 'सारखा' कसा, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

पुढे बऱ्याच दिवसांनी काकांचा फोन आला. हॅलो वगैरे नाही. "क्लेरिक असता तर वाचलो असतो का?" मी हिशोब करून सांगितलं: पहिला फटका पडलाच असता. त्यानंतर क्लेरिकची पाळी शॅडोच्या आधी आली असती, तर टर्न अनडेडपुढे टिकायला शॅडोला वीसबाजू फाशावर १३ लागतात, म्हणजे ती शंभरात चाळीस वेळा टिकते. "म्हणजे साठ टक्के वाचलो असतो." मी म्हटलं, पाळी आधी आली असती तर. ते म्हणाले, "बँकेत साठ टक्क्यांवर आम्ही कर्ज दिलं नसतं." आणि पुढच्या रविवारी आले.

क्लेरिक केला नाही त्यांनी. स्ट्रेंग्थ १७चा बार्बेरियन केला आहे, त्याला लिहिता-वाचता येत नाही म्हणे, त्यामुळे डायरी आणत नाहीत. नोंदी आता कोणीच ठेवत नाही. परवा मी सांगितलं की गावातल्या विहिरीजवळ कुरतडलेली हाडं सापडली आहेत, तर एकानेही लिहून घेतलं नाही. घूल या प्रेतखाऊ अनडेडच्या नखांनी माणूस लुळा पडतो, एल्फ पडत नाही. पार्टीत एल्फ आहे. त्याला पुढे ठेवायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, मी सांगणार नाही.