मिनिट्स कोण लिहिणार?

आमच्या टीममधली एक मुलगी गेल्या महिन्यात पहिल्यांदाच प्रोजेक्ट मॅनेजर झाली. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, काय वाचू ते सांगा. फक्त ते 'आत्मविश्वास वाढवा'वालं नको." मला हसू आलं. माझ्या कपाटातला एक अख्खा खण तसल्याच पुस्तकांनी भरलेला आहे. हे काम करायला लागून मला अठरा वर्षं झाली, त्यातली पहिली सहा-सात मी स्वतःची दुरुस्ती करण्यात घालवली. आवाज कसा लावायचा, टेबलावर हात कुठे ठेवायचे, 'सॉरी' किती वेळा गिळायचं. पुस्तकं अगदीच वाईट नव्हती. पण प्रत्येक पुस्तक मिटताना माझ्यात आणखी एक खोट सापडलेली असायची, आणि प्रोजेक्ट होता तिथेच रखडलेला असायचा.

तिला मी उभ्या उभ्या चार नावं सांगितली. मागाहून वाटलं, नुसती नावं काय कामाची? कोणतं पुस्तक कधी हाताशी आलं, ते सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहितेय.

सुरुवात 'द नो क्लब'पासून कर, असं तिला म्हटलं. २०२२ सालचं पुस्तक, लिंडा बॅबकॉक आणि तिच्या तीन सहकारी प्राध्यापिकांनी मिळून लिहिलेलं. विषय वरवर पाहता किरकोळ वाटतो. ऑफिसात काही कामं अशी असतात, की ती कोणीतरी करावीच लागतात, पण त्यांच्या जोरावर कोणाचंही प्रमोशन होत नाही. मिनिट्स, म्हणजे बैठकीत काय ठरलं त्याची नोंद, लिहिणं, नव्या माणसाला सगळं समजावून देणं, निरोपसमारंभाची जुळवाजुळव, ज्या समितीचा अहवाल कोणी वाचणार नाही त्या समितीवर बसणं. ही कामं बायकांकडे जास्त येतात हे सांगायला पुस्तक कशाला हवं? पण ती का येतात हे शोधायला या मंडळींनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. तीन अनोळखी माणसांचा गट, प्रत्येकासमोर संगणक, दोन मिनिटं वेळ. तिघांपैकी एकाने बटण दाबायचं. दाबणाऱ्याला थोडे पैसे, उरलेल्या दोघांना त्याहून जास्त, आणि कोणीच दाबलं नाही तर तिघांनाही सगळ्यात कमी. मिश्र गटांत बायकांनी पुरुषांच्या जवळजवळ दीडपट वेळा बटण दाबलं. पण गट निव्वळ पुरुषांचा केला, की पुरुषही मुकाट्याने दाबायला लागले. बायकाबायकांच्या गटापेक्षा जराही कमी नाही. म्हणजे बायकांना मुळातच परोपकाराची हौस वगैरे काही नाही. खोलीत बाई आहे म्हटल्यावर 'ती करेल' असं सगळे धरून चालतात, आणि त्या सगळ्यांत ती स्वतःही आली.

हे वाचून मी एक वही घातली. तीन महिने प्रत्येक बैठकीनंतर फक्त एवढंच नोंदवायचं, की मिनिट्स कोणी लिहिले. नऊजणांच्या टीममध्ये आम्ही तिघी. दोन अपवाद सोडले तर दर वेळी आमच्या तिघींपैकीच एक नाव. आणि गंमत म्हणजे मॅनेजर मी होते! काम वाटणारी मीच. "तू जरा लिहून घेशील का?" हे वाक्य माझ्याच तोंडचं होतं, आणि ते म्हणताना माझी मान आपोआप एकाच बाजूला वळत होती.

मग अजेंड्याच्या टेम्प्लेटमध्ये सगळ्यात वर एक ओळ घातली, 'मिनिट्स', आणि आडनावांच्या क्रमाने पाळी लावून दिली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या पहिल्या पाळीचे मिनिट्स आले ते असे: "चर्चा झाली. पुढच्या वेळी ठरवू." बस. मी ते पुन्हा लिहून काढले नाहीत. इतका संयम मला आजवर कोणत्याच क्लायंटसमोर लागलेला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्याच कामाबद्दल नेमकं काय ठरलं होतं यावरून वाद झाला आणि मिनिट्स उघडायची वेळ त्यांच्यावरच आली. तिसऱ्या पाळीपर्यंत बरे लिहायला लागले.

'लीन इन' त्या मुलीने आधीच मागवलं होतं. शेरिल सँडबर्ग फेसबुकच्या सीओओ, म्हणजे रोजचा कारभार पाहणाऱ्या प्रमुख अधिकारी असताना, २०१३ मध्ये आलेलं. वाच, पण सगळ्यात आधी नको, असं माझं मत. टेबलापाशी येऊन बसा, वर केलेला हात खाली घेऊ नका, हे काही खोटं नाही. पण टेबलाभोवती खुर्च्या किती आणि त्यांवर आधीपासून कोण बसलंय, हा प्रश्न तिथे जरा मागे पडतो. तो प्रश्न विचारणारं पुस्तक छत्तीस वर्षं आधीच येऊन गेलं होतं: रोझाबेथ मॉस कँटर यांचं 'मेन अँड विमेन ऑफ द कॉर्पोरेशन', १९७७. एका बड्या कंपनीत शिरून त्यांनी तिथला कारभार जवळून पाहिला. त्यांचं एक म्हणणं मला आजही पुरतं. एखाद्या गटात एका प्रकारची माणसं साधारण १५ टक्क्यांहून कमी असली, की ती 'टोकन' होतात. मग त्यांच्या प्रत्येक हालचालीवर नजर असते, एकीची चूक सगळ्या जमातीच्या खात्यावर पडते, आणि बाकीचे आपलं वेगळेपण जरा जास्तच मिरवायला लागतात. हे त्या माणसांच्या स्वभावामुळे होत नाही, संख्येमुळे होतं. मी तीन वर्षं एका स्टीअरिंग कमिटीवर, म्हणजे प्रोजेक्टचे मोठे निर्णय घेणाऱ्या समितीवर, एकटीच बाई होते. नंतर दुसरी आली, तर सहा महिने लोक आम्हा दोघींच्या नावांची अदलाबदल करत होते. दिसण्यात, उंचीत, वयात, कशातच साम्य नव्हतं. कँटर वाचलेलं असल्यामुळे मला त्याचा राग येण्याऐवजी मजा वाटायला लागली. पुस्तक जाडजूड आहे, काळही जुना आहे, पण सेक्रेटरींवरचं आणि साहेबांच्या बायकांवरचं प्रकरण चुकवू नका.

एक पुस्तक नाही, संशोधन आहे, पण ते या यादीत हवंच. बायका संचालक मंडळावर आल्या की कंपन्यांचं खालावतं, अशा अर्थाचा लेख २००३ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये आला. मिशेल रायन आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम यांनी त्याच कंपन्यांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा क्रम बराचसा उलटा निघाला. विशेषतः बाजार पडलेला असताना ज्या कंपन्यांनी बाईला घेतलं, त्यांचं आधीचे काही महिने सतत वाईटच चाललं होतं. जहाज बुडायला लागलं की सुकाणू बाईच्या हातात. २००५ मध्ये त्यांनी याला 'ग्लास क्लिफ' असं नाव दिलं, काचेचा कडा.

मला माझी पहिली 'मोठी संधी' अशीच मिळाली. दोन मॅनेजर सोडून गेलेला, सात महिने मागे पडलेला प्रोजेक्ट. "तूच हे करू शकतेस," असं सांगितलं गेलं आणि मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी घरी गेले. आधीचे दोघं का गेले, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. आता कोणी असं काही देऊ केलं, तर मी तीन गोष्टी लेखी मागते: आधीच्या मॅनेजरची शेवटची रिस्क लिस्ट (कुठे काय बिघडू शकतं त्याची यादी), स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती, कमी करायचा अधिकार कोणाला आहे ते, आणि नवी तारीख कोण जाहीर करणार ते. तिसऱ्यावर नेहमी शांतता पसरते.

त्या प्रोजेक्टमध्ये महिन्याभरात वरून मदत आली, म्हणजे आणखी चार माणसं आली. फ्रेड ब्रुक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ' मी त्याआधी वाचलेलं असतं, तर ती नम्रपणे परत पाठवली असती. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम तयार करून घेताना आलेल्या अनुभवावर ते १९७५ मध्ये लिहिलं गेलं. आधीच उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो, हा त्यांचा सिद्धांत. हिशोब सोपा आहे. सहा माणसांत आपापसांतल्या बोलण्याच्या जोड्या १५ होतात, दहा माणसांत ४५. शिवाय नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. आमच्याकडे तो वेळ कोणाचा गेला असेल, हे 'द नो क्लब' वाचलेल्यांना सांगायला नको. नऊ बायका लावल्या तरी मूल एका महिन्यात होत नाही, हा प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू येणारा दाखला याच पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाला. मी तो आजवर किमान पन्नास वेळा ऐकला असेल, आणि सांगणारा दर वेळी पुरुषच होता.

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो मात्र बायकांविषयी चकार शब्द नसलेल्या पुस्तकाचा. बेंट फ्लूबिया आणि डॅन गार्डनर यांचं 'हाऊ बिग थिंग्ज गेट डन', २०२३. जगभरातल्या सोळा हजारांहून जास्त प्रोजेक्टची माहिती फ्लूबियांनी जमवली. त्यात ठरलेल्या पैशात आणि ठरलेल्या वेळेत पुरे झालेले ८.५ टक्के, आणि पैसा, वेळ, कबूल केलेला फायदा या तिन्ही गोष्टी साधलेले ०.५ टक्के. सिडनीचं ऑपेरा हाऊस ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये होणार होतं, लागले १० कोटी २० लाख. यावर त्यांचा उपाय असा: आपला प्रोजेक्ट जगावेगळा आहे असं समजू नका, आधीच्या तसल्याच प्रोजेक्टना किती वेळ लागला ते बघा आणि तिथून अंदाजाला सुरुवात करा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो'मध्ये (२०११) हीच गोष्ट स्वतःच्या फजितीतून सांगितली आहे. एका पाठ्यपुस्तकाचं काम दोनेक वर्षांत होईल असा सगळ्यांचा अंदाज, आणि लागली आठ वर्षं. अशा कामांना सात ते दहा वर्षं लागतात हे त्यांच्यातल्याच एका तज्ज्ञाला ठाऊक होतं. विचारेपर्यंत त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं.

यात बायकांचा काय संबंध? माझा अनुभव सांगते. एका नव्या कामाला चौदा महिने लागतील असं मी म्हटलं, तर खोलीतला सूर असा, की या जरा घाबरतात. दुसऱ्या वेळी मी अंदाज सांगितलाच नाही. आमच्याच आधीच्या सहा प्रोजेक्टची यादी पडद्यावर लावली: कबूल केलेले महिने, लागलेले महिने. आणि गप्प बसले. दहा मिनिटांनी चौदा हा आकडा समोरून आला. तोवर जे बोलणं माझ्या स्वभावाविषयी चाललेलं असायचं, ते पहिल्यांदाच कामाविषयी झालं. मिनिट्सची वही असो की ही यादी, मला पुस्तकांकडून हेच हवं होतं, आणि आवाज कसा लावायचा ते शिकवणाऱ्या खणात ते कुठेच नव्हतं.

एलियाहू गोल्डरॅट यांची 'द गोल' (१९८४) ही कादंबरीही वाचा. कारखाना वाचवण्याची गोष्ट आहे. त्यात पोरांच्या पायी सहलीचा एक प्रसंग आहे: सगळ्यात हळू चालणारा हर्बी, त्याच्या पाठीवरचं ओझं, त्याला रांगेत सगळ्यांच्या पुढे ठेवणं. कामात गाडी नेमकी कुठे अडते, हे समजावून सांगायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही. मात्र नायक कारखान्यात रात्रंदिवस राबत असताना त्याची बायको घर सोडून जाते आणि पोरं सांभाळायला त्याची आई येते, हेही नजरेतून सुटू देऊ नका. एवढी सगळी थिअरी कोणाच्या जिवावर सिद्ध झाली, ते तिथेच लिहिलेलं आहे.

पीएमबॉक गाइड, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेशनचं ठरलेलं पुस्तक, परीक्षेपुरतं. सहाव्या आवृत्तीत (२०१७) ४९ प्रक्रिया होत्या, सातव्या आवृत्तीने (२०२१) १२ तत्त्वं पुढे केली. पाठ करा, पास व्हा, कपाटात ठेवा.

त्यापेक्षा मेरी पार्कर फॉलेट शोधून काढा. १८६८ चा जन्म, १९३३ मध्ये निधन, आणि व्यवस्थापनावरची त्यांची भाषणं अजून शिळी झालेली नाहीत. दुसऱ्यावर गाजवायची सत्ता वेगळी आणि दुसऱ्यासोबत मिळून उभी केलेली सत्ता वेगळी, हा फरक त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडला. त्यांचं खिडकीचं उदाहरण मी दोन स्टेकहोल्डर, म्हणजे प्रोजेक्टशी हितसंबंध असलेली माणसं, भांडायला लागले की दर वेळी आठवते. ग्रंथालयातल्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा हवी होती, यांना अंगावर थेट वारा नको होता. ही तडजोड नव्हे, कारण कोणीच काही सोडलं नाही. खिडकी उघडी की बंद यावर दोघं अडून बसले असते, तर मात्र दोघांनाही नको असलेली अर्धी उघडी खिडकी मिळाली असती. आमच्या निम्म्या रिक्वायरमेंट्स, म्हणजे प्रोजेक्टकडून काय हवं त्याच्या मागण्या, तशाच अर्ध्या उघड्या असतात.

त्यांच्याच पिढीच्या आसपासच्या लिलियन गिलब्रेथ यांचं 'द सायकॉलॉजी ऑफ मॅनेजमेंट' १९१४ मध्ये निघालं. लेखक म्हणून छापलं होतं एल. एम. गिलब्रेथ. हे पुस्तक बाईने लिहिलंय हे वाचकाला कळू नये म्हणून ती आद्याक्षरं.

ही यादी मी परवा त्या मुलीला पाठवली. तिने 'द नो क्लब' तोवर वाचून संपवलं होतं. रात्री तिचा मेसेज आला: "मॅडम, ही यादी करणं प्रमोशनवालं काम की बिनप्रमोशनवालं?"

सकाळी मी पाळीच्या तक्त्यात आणखी एक रकाना वाढवला, 'नव्या मॅनेजरला मार्गदर्शन'. आडनावांच्या क्रमाने पहिलं नाव 'चर्चा झाली'वाल्यांचं आहे.