बंद मशीनमधून येणारं पाणी

डिशवॉशर दुरुस्तीच्या कामात ‘मशीन गळतंय’ ही तक्रार रोजचीच. बऱ्याचदा कारण दारापाशीच सापडतं. रबरावर तेलकट थर बसलेला असतो, मशीन पुढच्या बाजूला झुकलेलं असतं, नाहीतर हाताने भांडी घासायचं लिक्विड आत घातल्याने फेस उतू जातो. या घरी मात्र दाराचं रबर नवंकोरं होतं. आधीचा मेकॅनिक ते बदलून गेला होता, तरी रोज सकाळी ओट्याखाली पाणी साचतच होतं.

“दादा, घरातले म्हणतात, मलाच भांडी लावता येत नाहीत,” काकू म्हणाल्या. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. शेजारच्या कपाटाची फळी पाण्याने फुगली होती, त्याचंही खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलेलं.

मशीन चालू असताना पाणी येतं का, हे मी पहिल्यांदा विचारलं.

“नाही ना! रात्री धुऊन झालं की फरशी कोरडी असते. मी भिंतीवरचा स्विच बंद करून झोपते, उगाच धोका नको म्हणून. सकाळी बघावं तर तळं.”

“आणि दिवसा?”

“दिवसा पाणी नाही. पण ते मधेच आपोआप घुरघुरतं. कोणी हातही लावलेला नसतो.”

हे घुरघुरणं त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी तो वेगळाच प्रकार होता. मला मात्र तिथेच वाट दिसली.

सकाळपासून मशीनला हात लावू नका, असं मी फोनवर सांगून ठेवलं होतं. दार उघडलं तर आतला टब दाराच्या खालच्या काठापर्यंत भरलेला. धुताना मशीन एका वेळी साधारण 3-4 लिटरच पाणी घेतं, त्याची पातळी दाराच्या काठाच्या बरीच खाली राहते. रबराचं काम उडणारं पाणी अडवायचं. टबच काठोकाठ भरला तर नवं रबर काय करणार?

ग्लासभर पाणी काढून उजेडात धरलं. स्वच्छ, फेस नाही, वास नाही. सिंकचं पाणी ड्रेन पाइपातून उलटं आलं असतं तर ते गढूळ, तेलकट असतं. म्हणजे हे थेट नळाचं पाणी होतं, आणि ते अडवणारा एकच भाग असतो, इनलेट व्हॉल्व्ह.

स्विच बंदच ठेवून टब रिकामा केला, नळाची कॉक फिरवून बंद केली आणि खालची पट्टी काढली. व्हॉल्व्हमधून टबकडे जाणारी नळी सोडवली, व्हॉल्व्हच्या तोंडाखाली मापाचा कप धरला आणि कॉक पुन्हा उघडली. वीज नसताना तिथून एक थेंबही यायला नको. सुतासारखी बारीक धार लागली. मिनिटाला 20 ते 25 मिली. किरकोळ वाटतं, पण तासाला सव्वा ते दीड लिटर होतं आणि 8 तासांच्या रात्रीत 10-12 लिटर.

व्हॉल्व्ह बदलला आणि जुना काकूंच्या समोरच खोलला. आतल्या रबरी पडद्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. त्यातून पाणी पडद्याच्या मागे जातं आणि तोच दाब पडद्याला घट्ट मिटून ठेवतो. त्या छिद्रात गंजाचा कण अडकला होता. मागे दाब पुरता साठत नव्हता, म्हणून पडदा किंचित उघडा राहत होता. तोंडाची जाळीही एका कडेने फाटलेली. पाण्याच्या लाइनचं काम झाल्यावर असे कण हमखास येतात, आणि काकूंच्या इमारतीत ते नुकतंच झालं होतं.

आता घुरघुरण्याचं. स्विच चालू असला की पातळी जास्त वाढल्याचं या मशीनला कळतं आणि ते स्वतःच ड्रेन पंप चालवून पाणी बाहेर टाकतं. दिवसभर ते तेच करत होतं. रात्री वीज बंद, म्हणून पंपही बंद. व्हॉल्व्हची गळती मात्र विजेवर अवलंबून नव्हती. काकू ज्या काळजीने स्विच बंद करत, त्यामुळेच मशीनचा बचाव थांबत होता. त्यांची यात काहीच चूक नव्हती. बटण बंद म्हणजे यंत्र बंद, असंच कोणीही समजेल.

“मग स्विच चालूच ठेवू?”

“ठेवा किंवा बंद करा, पण काकू, रात्री आणि बाहेरगावी जाताना नळाची कॉक नक्की बंद करा.”

नवी जाळी बसवली, कॉक उघडी आणि वीज बंद ठेवून अर्धा तास थांबलो. टबच्या तळाशी ठेवलेला कोरडा कागद कोरडाच राहिला. मग एक छोटा प्रोग्राम पूर्ण चालवून पाहिला. तो चालू असतानाच काकूंनी मुलाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “तुम्हीच सांगा त्याला.” मी त्याला व्हॉल्व्हचं सगळं समजावलं, आणि भांडी लावण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे दोनदा सांगितलं.