आमची वाटचाल : सी-फॉर्मपासून माहिती अधिकाराच्या अर्जापर्यंत

बेळगावात बसून कराचं काम करायचं म्हणजे दोन राज्यांचे कायदे टेबलावर शेजारी शेजारी ठेवावे लागतात. उद्यमबागेतला फाउंड्रीवाला, निपाणीचा तंबाखू व्यापारी, खानापूरचा दुकानदार यांचं बरंच गिऱ्हाईक कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, चंदगडकडचं. म्हणून आमच्या कार्यालयाने सुरुवातीपासून एक गोष्ट धरून ठेवली आहे: व्यापाऱ्याने भरलेला कर बरोबर राज्याच्या तिजोरीत गेला पाहिजे, आणि पुढे त्या पैशाचं काय झालं हे त्याला विचारता आलं पाहिजे.

१ एप्रिल २००५ ला कर्नाटकात व्हॅट (मूल्यवर्धित कर) आला. त्या काळात सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो सी-फॉर्मने. राज्याबाहेरच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला विक्री केली की केंद्रीय विक्रीकर सवलतीच्या दराने लागायचा. जून २००८ पासून तो २ टक्के होता. पण त्यासाठी कोल्हापूरच्या खरेदीदाराने महाराष्ट्राच्या विक्रीकर खात्याकडून फॉर्म काढून पाठवायला हवा. त्याने टाळाटाळ केली तर कर्नाटकातला पूर्ण दर आणि त्यावरचं व्याज विकणाऱ्यावर यायचं. करनिर्धारण दोन-तीन वर्षांनी व्हायचं, तोवर खरेदीदाराशी व्यवहारही तुटलेला असायचा. म्हणून तिमाही संपली की फॉर्मची मागणी लेखी करायची, अशी शिस्त आम्ही अशिलांना लावली.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बहुतेक मालाच्या बाबतीत सी-फॉर्म संपला. सीमा मात्र बिलात येऊन बसली. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे कर्नाटकासाठी २९, महाराष्ट्रासाठी २७, गोव्यासाठी ३०. बिल फाडताना ते पाहिले नाहीत तर घोळ ठरलेलाच. आयजीएसटीच्या (राज्याबाहेरच्या विक्रीवरचा कर) जागी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा केंद्राचा आणि राज्याचा कर) भरला गेला, तर बरोबर कर नव्याने भरावा लागतो आणि आधी भरलेल्याचा परतावा मागावा लागतो. जीएसटी कायद्याच्या कलम ७७ मुळे व्याज लागत नाही, परतावा दोन वर्षांच्या आत मागता येतो, पण तोवर भांडवल अडकतं. छोट्या दुकानाला हे फार जड जातं.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आणखी एक बारकावा आला आहे. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला, तर पुरवठ्याचं ठिकाण, म्हणजे माल कोणत्या राज्यात विकला असं धरायचं ते, त्या पत्त्यावरून ठरतं. पत्ता नसेल तर दुकानाच्या जागेवरून. निपाणीच्या दुकानात बिलावर कागलचा पत्ता आला की विक्री आंतरराज्य झाली. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) दुकानदाराने इथे विशेष जपावं, कारण त्याला राज्याबाहेर माल पुरवताच येत नाही. अशी बिलं सापडली की योजनाच धोक्यात येते. नियमित करदात्याने अशा विक्रीचा राज्यवार आकडा जीएसटीआर-३बी या विवरणपत्राच्या ३.२ तक्त्यात यावा लागतो. ग्राहकाच्या राज्याला त्याचा वाटा मिळतो तो याच आकड्यांवरून, म्हणून हा तक्ता आम्ही कधीच कोरा सोडू देत नाही.

उलट बाजूही पाहावी. कामासाठी कोल्हापुरात हॉटेलात राहिलात तर बिलावर महाराष्ट्राचा एसजीएसटी लागतो. त्यावर आपला २९ चा नंबर घातला तरी कर्नाटकात इनपुट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही.

फाउंड्रीवाल्यांचा प्रश्न वेगळा. कास्टिंग (ओतीव भाग) मशीनिंगसाठी कोल्हापूरजवळच्या शिरोलीला जातं. आंतरराज्य जॉबवर्कला (आपला माल दुसऱ्याकडे प्रक्रियेला पाठवणं) मालाची किंमत कितीही असो, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतंच. ५० हजारांची मर्यादा इथे चालत नाही. डिलिव्हरी चलनावर वजन आणि नगसंख्या दोन्ही लिहावी, कारण मशीनिंगमध्ये निघणाऱ्या चिपमुळे (धातूचा कीस) वजन घटतं आणि परत आलेला माल जुळत नाही. माल एका वर्षात परत आला नाही तर पाठवल्या तारखेलाच विक्री धरली जाते.

अलीकडे सरकारी ठेकेदारांचं काम वाढलं आहे. अडीच लाखांवरच्या करारावर सरकारी खातं ठेकेदाराच्या बिलातून २ टक्के जीएसटी कापतं. संबंधित अधिकाऱ्याने पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत विवरणपत्र भरलं नाही तर ती कपात ठेकेदाराच्या खात्यात दिसत नाही, आणि दिसल्यावरही पोर्टलवर ती स्वीकारावी लागते. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात.

यातूनच लोक आम्हाला अर्थसंकल्पाबद्दल विचारू लागले. गावच्या रस्त्याची घोषणा झाली, पैसे कुठे आहेत? आम्ही आधी भाषण बाजूला ठेवायला सांगतो आणि मागणीनिहाय तपशील (अर्थसंकल्पाचे खात्यानुसार आकडे) उघडायला लावतो. रस्ते-पूल बांधणीचं लेखाशीर्ष (खर्चाचा ठरलेला क्रमांक) ५०५४, देखभालीचं ३०५४. तिथे मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही आकडे पाहावेत. मूळ तरतुदीपेक्षा सुधारित अंदाज कमी असेल तर काम वर्षाच्या मध्येच मागे पडलं, असं समजून चौकशीला लागावं.

चौकशीचं साधन माहिती अधिकार. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. शुल्क १० रुपये. अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा, कारण कायद्यात इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची राजभाषा एवढ्यांचाच उल्लेख आहे. मराठी शाळेत शिकलेल्यांना हे अवघड जातं, म्हणून मसुदा आम्ही कन्नडमध्ये करून देतो. ‘कामाची माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नये. मंजुरी आदेश, अंदाजपत्रक, मेजरमेंट बुकाची (झालेल्या कामाच्या मोजमापाची वही) पानं आणि अंतिम बिल यांच्या प्रती नाव घेऊन मागाव्यात. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करावं, आणि त्यासाठी अर्जाची पोच जपून ठेवावी.