क्रियापदावर बोट ठेवा

मराठीच्या बाई पुस्तकाऐवजी पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या घेऊन वर्गात आल्या की आम्ही ओळखायचो, आज व्याकरण. कचेरीतून मागून आणलेली रद्दी असायची ती. एका बाजूला कुठल्या तरी जुन्या सूचनेच्या पुसट ओळी, दुसऱ्या बाजूला बाईंच्या ठसठशीत अक्षरात एकच वाक्य.

केवल वाक्य आणि संयुक्त वाक्य यांच्या व्याख्या आम्हाला तोंडपाठ होत्या. एक उद्देश्य, एक विधेय वगैरे. तरीही चाचणीत निम्म्या वर्गाने लांबलचक वाक्याला संयुक्त आणि आखूड वाक्याला केवल ठरवून टाकलं. ‘आणि’ दिसला की तर डोळे मिटून संयुक्त! बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पट्ट्या आल्या.

पावसाळा होता, त्यामुळे पहिली पट्टी अर्थातच पुराची. ‘रात्री गंगेला पूर आला आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं.’ (जे पुण्या-मुंबईला वाढले त्यांच्यासाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पुराचं माप रामकुंडाजवळच्या या मारुतीवरच घेतो.) बाईंनी पट्टी बरोबर ‘आणि’वर फाडली. एक तुकडा खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर, दुसरा दाराशी. वाचा मोठ्याने. दोन्ही तुकडे पुरे होते, कुणाचं कुणावाचून अडत नव्हतं. हे संयुक्त.

दुसरी पट्टी: ‘गोदावरी आणि दारणा एकमेकींना मिळतात.’ तीही ‘आणि’वरच फाटली. खिडकीजवळचा मुलगा उठला, ‘गोदावरी’ म्हणाला आणि तसाच उभा राहिला. बाई म्हणाल्या, “अरे, गोदावरी काय? पुढे बोल की!” पुढे बोलायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. इथे ‘आणि’ने दोन नामं जोडली होती, वाक्यं नव्हे. क्रियापद एकच, तेही दाराकडच्या तुकड्यात. वाक्य केवल.

पण खरी मजा तिसऱ्या पट्टीत होती. ‘मिसळ खाऊन, शाळा बुडवून पोरं पूर बघायला गंगेवर गेली.’ खाणं, बुडवणं, बघणं, जाणं, एवढं सगळं घडतंय म्हटल्यावर वर्ग एकमुखाने ओरडला, “संयुक्त!” बाई शांतपणे म्हणाल्या, “क्रियापदावर बोट ठेवा.” मग एकेक शब्द घेऊन तिथेच थांबायला लावलं. ‘पोरं मिसळ खाऊन.’ बरं, मग? ‘पोरं पूर बघायला.’ बरं, मग? ‘खाऊन’, ‘बुडवून’, ‘बघायला’ ही धातुसाधितं. त्यांच्यात क्रिया आहे, वाक्य पुरं करायची ताकद नाही. ती फक्त ‘गेली’त. आपल्या भाषेत या ‘ऊन’च्या जोरावर केवल वाक्य हवं तेवढं लांबवता येतं, हे मला त्या तासाला कळलं. मराठी वाक्यरचनेतली सगळ्यात सोयीची गोष्ट कुठली असं कुणी विचारलं तर मी अजूनही हीच सांगेन.

पुढे वाक्यरूपांतर आलं आणि वर्गात चांगलीच जुंपली. ‘धरणातून पाणी सोडल्याने पूर आला’ हे केवल. ‘धरणातून पाणी सोडलं म्हणून पूर आला’ हे संयुक्त. आणि ‘पूर आला, कारण धरणातून पाणी सोडलं’ हे मिश्र, कारण ‘कारण’पासूनचा भाग गौण, म्हणजे मुख्य वाक्याच्या आधाराने उभा. धरण तेच, पाणी तेच, पूर तोच! आमच्या वर्गातली एक हुशार मुलगी उठली. तिचं म्हणणं, पट्टी फाडली तर ‘म्हणून पूर आला’ हा तुकडाही लोंबकळतोच, मग त्याला बरोबरीचा मान कसा? बाईंनी सांगितलं की ‘म्हणून’ इथे परिणामबोधक आहे आणि व्याकरणकारांनी परिणामबोधक अव्ययं ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’ यांच्याच पंगतीला बसवली आहेत. तिचं समाधान झालं नाही. बाईंनाही ते दिसलं. “परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिही. भांडण माझ्याकडे राहू दे,” म्हणाल्या. खरं सांगायचं तर मी आजही त्या मुलीच्या बाजूचा आहे.

मी नाशिकच्या सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्याच परिणामबोधकांच्या यादीत एक ‘सबब’ (अर्थ ‘म्हणून’च) होता. हा शब्द कोण वापरतं, असं तेव्हा वाटायचं. आता माझा एकही मराठी अर्ज त्याच्याशिवाय संपत नाही. बाकी व्याकरणाचं म्हणाल तर ते रोजच्या कामात असं येतं: ज्युनिअर दाव्याचा मसुदा आणतो, ‘प्रतिवादीने थकीत भाडे देऊन जागा खाली करावी.’ कानाला छान, आटोपशीर. पण क्रियापद एकच, ‘खाली करावी’. भाड्याची मागणी ‘देऊन’मध्ये दबून गेली, आणि समोरचा वकील नेमका तिथेच शिरतो. म्हणून ‘थकीत भाडे द्यावे व जागा खाली करावी.’ दोन मागण्या, दोन क्रियापदं, जमलं तर दोन वेगळी कलमंच. ज्युनिअरला पेन्सिल देऊन क्रियापदांखाली रेघा मारायला सांगितलं की तो आधी हसतो, मग पानभर मसुद्यात तीनच रेघा आलेल्या बघतो आणि कागद उचलून पुन्हा टायपिस्टकडे जातो.