अंक दोन: कागद कापून आला, शिलाई बाकी

आमच्या कवितांच्या अनियतकालिकाच्या, म्हणजे जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या अंकाच्या, दुसऱ्या खेपेचा मजकूर एकदाचा पक्का झाला. ३२ पानं, ए-५ आकार, सगळे कागद एकात एक घातलेली एकच जुडी, मधोमध दोऱ्याची शिलाई, प्रती शंभर. ‘सेंटर पिन मारून घ्या, लगेच होतंय,’ असं प्रेसवाले काका अजूनही म्हणतात. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात पिनेला गंज धरतो आणि मधल्या पानावर तांबूस डाग उतरतात. जुनी अनियतकालिकं ज्यांनी चाळली आहेत त्यांना हे सांगायला नको. तेव्हा दोराच.

खरा वेळ खाल्ला तो कागदाने. बाजारातला ए-४ कागद बहुतेक लांबीच्या ग्रेनचा असतो, म्हणजे त्याचे तंतू लांबीच्या दिशेने जातात. तो मधोमध दुमडला की घडी ग्रेनला आडवी जाते, घडीवर तंतू तुटतात आणि पुस्तिका मिटून राहत नाही, सारखी आ वासते. म्हणून पुण्याच्या बोहरी आळीतून मोठे ताव घेतले, १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम), नॅचरल शेड. कटरवाल्या भाऊंना ग्रेन पाठीला समांतर हवा म्हणून सांगायला गेलो, तर त्यांनी ताव उचलून आधी उभा वाकवला, मग आडवा. जिकडून कागद मुकाट्याने वाकला तिकडे अंगठा ठेवून म्हणाले, ‘घडी इथं ना? मग आडवा कट घेतो.’ एवढंच. मी हे शिकायला किती व्हिडिओ पाहिले होते!

दर मात्र टोचला. सप्टेंबर २०२५ पासून या कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झालाय. छापील पुस्तक करमुक्त, त्यामुळे कागदावर भरलेला कर पुढे वळता करायचीही सोय नाही. मोठ्या प्रकाशकाला हे पेलतं, शंभर प्रतींवाल्याचा ताळेबंद तिथेच कोलमडतो.

आवरणाला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद. १९४० पासूनची संस्था, सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद. त्याला ठरावीक ग्रेन जवळजवळ नसतोच, कशीही घडी घाला. फक्त कडा सरळ कापू नका, त्या फाटक्या कडांसाठीच तर तो घ्यायचा.

अक्षरजुळणीत दोन गोष्टी अडल्या. पहिली, ल आणि श. फॉन्ट चांगला असला तरी मजकुराची भाषा ‘हिंदी’ राहिली तर अक्षरं हिंदी वळणाची येतात. भाषा ‘मराठी’ केली की बऱ्याच युनिकोड फॉन्टांत आपले ल-श आपोआप येतात. दुसरी, लांब ओळी. एका कवयित्रीच्या ओळी ए-५ मध्ये मावेनात. टंक लहान करण्यापेक्षा ओळीचा उरलेला तुकडा खाली उजवीकडे सरकवला, म्हणजे ती नवी ओळ वाटत नाही. त्यांना प्रूफ दाखवलं, ‘चालेल’ म्हणाल्या, आणि एक स्वल्पविराम काढायला लावला.

जुन्या अनियतकालिकांची, म्हणजेच लघुनियतकालिकांची, गोष्ट निघाली की त्यांच्या बंडखोरीवरच सगळे बोलतात. मला वेड त्यांच्या हातकामाचं आहे. कवी अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मित्रांचं ‘शब्द’ सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या यंत्रावर, निघायचं. पुढे १९६३ मध्ये ‘असो’ हे अनियतकालिक काढणाऱ्या अशोक शहाण्यांनीच प्रास प्रकाशन उभं केलं आणि १९७७ मध्ये कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह छापला. कवितेवर जीव आणि छपाईवर नजर, दोन्ही एकाच माणसाकडे. मोठ्या प्रकाशनगृहात ही दोन कामं वेगवेगळ्या टेबलांवर होतात, आणि पान पाहिलं की ते कळतं.

आता टपाल. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकं स्वस्तात पाठवायचं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं तेव्हा आपण सगळेच हळहळलो. मे २०२५ पासून पुस्तकांसाठी टपाल खात्याचं ज्ञान पोस्ट आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. आपली एक प्रत साधारण ६० ग्रॅमची, म्हणजे पाकिटासकट चार प्रती सहज जातात. मेख अशी की नियतकालिकं त्यात चालत नाहीत, आणि प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं लागतं. आपला अंक कधी निघेल याचा आम्हालाच पत्ता नसतो, म्हणजे तो नियतकालिक नव्हेच, पण काउंटरवर हा वाद घालणार कोण? आवरणावरचा ‘अंक दोन’ काढलाय. आता ही स्वतंत्र नावाची पुस्तिका, शेवटच्या पानावर प्रकाशकाचं नाव ठळक.

रविवारी शिलाईला बसतोय. तीन भोकं: मधल्यातून आत, वरच्यातून बाहेर, मधलं सोडून खालच्यातून आत, परत मधल्यातून बाहेर, आणि गाठ लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना टोकं घेऊन. टोच्या आणि मेण लावलेला दोरा आहे. कुणाकडे मोठ्या नेढ्याच्या, बोथट टोकाच्या सुया जादा असतील तर घेऊन या, चहा माझ्याकडे.