छपाईआधी सगळ्यांसमोर: संशोधनग्रंथाच्या खुल्या समीक्षणाचा माझा अनुभव

माझं पुस्तक एका विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाकडे गेलं, तेव्हा संपादकांशी बोलून समीक्षण दोन वाटांनी करायचं ठरलं. एक वाट नेहमीची, प्रकाशनाने निवडलेल्या दोन निनावी समीक्षकांची. दुसरी खुली: संपूर्ण संहिता संकेतस्थळावर ठेवायची, प्रत्येक परिच्छेदाशेजारी टिप्पणीची सोय करायची आणि कुणीही वाचून लिहावं. पुस्तक इंग्रजीत आहे. विषय धुळे-नाशिक जिल्ह्यांतली फड पद्धत, म्हणजे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांचं गावांनी स्वतः चालवलेलं पाणीवाटप. त्यामुळे मराठी उतारे भरपूर. ज्यांना आपला ग्रंथ या वाटेने न्यायचा आहे, त्यांच्या उपयोगी पडेल तो तपशील इथे देतो आहे.

संपादक मंडळाचा पहिला प्रश्न असतो तो विक्रीचा. सगळं फुकट वाचायला मिळालं तर पुस्तक कोण घेणार? याला उत्तर म्हणून आधीची उदाहरणं हाताशी ठेवावीत. मॅकेन्झी वॉर्क यांच्या ‘गेमर थिअरी’चा मसुदा 2006 मध्ये परिच्छेदवार टिप्पण्यांसाठी खुला झाला आणि 2007 मध्ये हार्वर्डने पुस्तक छापलं. कॅथलीन फिट्झपॅट्रिक यांचं ‘प्लॅन्ड ऑब्सोलेसन्स’ 2009 मध्ये खुलं झालं, 2011 मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. ‘डेटा फेमिनिझम’चा मसुदा पबपब या खुल्या प्रकाशनाच्या व्यासपीठावर होता, पुस्तक 2020 मध्ये एमआयटी प्रेसकडून आलं. सगळ्यात उपयोगी उदाहरण मॅथ्यू सॅल्गानिक यांच्या ‘बिट बाय बिट’चं. प्रिन्स्टनने निनावी समीक्षण आणि खुलं समीक्षण दोन्ही केलं, आणि खुल्या बाजूला 31 जणांनी 495 टिप्पण्या लिहिल्या. माणशी सरासरी सोळा. हा आकडा मी नियोजनाचा पाया धरला. शेकडो वाचक येत नसतात. मोजके येतात आणि त्यातले काही मन लावून काम करतात. सगळी मेहनत त्या मोजक्यांना गाठण्यावर आणि त्यांचं काम सोपं करण्यावर घालायची.

करार सही करण्याआधीच हे बोलून घ्यावं लागतं. बहुतेक करारांत ‘संहिता पूर्वी प्रसिद्ध झालेली नाही’ अशा अर्थाचं कलम असतं. मसुदा खुला करण्याला लेखी परवानगी, तो किती काळ राहणार, पुस्तक आल्यावर काढायचा की ठेवायचा, आणि टिप्पण्यांवर हक्क कुणाचा, या चारही गोष्टी पुरवणीत लिहून घेतल्या. टिप्पण्यांचा मुद्दा हमखास राहून जातो. कुणी सुचवलेलं अख्खं वाक्य पुस्तकात घ्यायचं, तर त्याची परवानगी टिप्पणी लिहितानाच मिळालेली बरी. नियमांच्या पानावर तसं साध्या भाषेत लिहावं. हायपोथेसिस हे वेबपानावर टिप्पण्या लिहिण्याचं साधन वापरलं तर तिथल्या सार्वजनिक टिप्पण्या आपोआप सीसी-झीरो (हक्क सोडून देण्याच्या) परवान्याखाली येतात, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

चित्रं आणि नकाशे वेगळी डोकेदुखी. अभिलेखागाराने दिलेली परवानगी छापील पुस्तकापुरती असते, मसुद्याच्या संकेतस्थळाला ती लागू होत नाही. अशा ठिकाणी चौकट ठेवून आत चित्राचं वर्णन लिहावं. मुलाखतींबाबत तर अजिबात सैल राहू नये. संमतीपत्रात ‘पुस्तकात वापर’ एवढंच असेल, तर मसुदा खुला करण्यासाठी पुन्हा विचारावं लागतं. नावं, गावं, गट क्रमांक बदलायचे असतील तर ते मसुदा चढवण्याआधीच. एकदा पान इंटरनेट अर्काइव्हसारख्या ठिकाणी साठवलं गेलं, की मागाहून केलेली दुरुस्ती जुन्या प्रतीत पोहोचत नाही.

सर्वाधिक वेळ संहितेच्या तांत्रिक तयारीत जातो. वर्ड फाइल पॅनडॉक या रूपांतराच्या साधनातून एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या रूपात, नेता येते, पण शीर्षकं ‘हेडिंग’ शैलीत असतील तरच. हाताने ठळक केलेली ओळ पॅनडॉकला साधा परिच्छेद वाटते आणि प्रकरणांची फोड होतच नाही. तळटीपा फाइलच्या शेवटी गोळा होतात. म्हणून आधी फाइल तोडावी आणि मग रूपांतर करावं, म्हणजे ज्या पानाची टीप त्याच पानाखाली राहते. प्रकरण एकसंध चढवू नये. नऊ-दहा हजार शब्दांच्या पानावर टिप्पण्या वरच्या चतुर्थांशातच थांबतात. दीड ते अडीच हजार शब्दांचे भाग केले, तर मधल्या युक्तिवादापर्यंत वाचक पोहोचतो. प्रत्येक परिच्छेदाला दिसेल असा क्रमांक द्यावा. फोनवर बोलताना, पत्रात आणि पुढे तक्त्यात तोच क्रमांक सगळं धरून ठेवतो.

मुदत सुरू झाल्यावर मजकुराला हात लावायचा नाही, ही शिस्त सगळ्यात महत्त्वाची. कॉमेंटप्रेस हे टिप्पण्यांचं दुसरं साधन टिप्पणीला परिच्छेदाशी जोडतं ते त्यातल्या शब्दांवरून बनवलेल्या खुणेने. परिच्छेद बराच बदलला तर खूण जुळत नाही आणि टिप्पणी संपूर्ण पानाखाली जाऊन पडते. हायपोथेसिस निवडलेला मजकूर आणि त्याच्या मागचे-पुढचे काही शब्द लक्षात ठेवतं. ते सापडले नाहीत, तर टिप्पणी ‘अनाथ’ होते. एखादी ठळक चूक कुणी दाखवलीच, तर वाक्य न बदलता पानाच्या माथ्यावर शुद्धिपत्र जोडावं.

देवनागरी मजकूर असेल तर आणखी एक काम. श्रीलिपी किंवा तशा जुन्या फाँटमध्ये टंकलेले उतारे आधी युनिकोडमध्ये आणावे लागतात. नाहीतर पीडीएफ डोळ्यांना व्यवस्थित दिसते, पण तिच्या आतल्या मजकुराच्या थरात निरर्थक इंग्रजी अक्षरं असतात, आणि त्यावर ना शोध चालतो ना टिप्पणी नीट चिकटते. युनिकोडमध्येही गोम आहे. ‘पाटकऱ्याला’ (पाटकरी म्हणजे शेतांना पाणी वाटून देणारा माणूस) या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला भिन्न. दोन टंकलेखकांनी काम केलं असेल, तर अर्ध्या जागा शोधात येतच नाहीत. चढवण्यापूर्वी शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच रूप केलं.

साधन कोणतं निवडावं हे वाचकांवर ठरतं. हायपोथेसिसमध्ये एकेका शब्दावर बोट ठेवता येतं, पण वाचकाला खातं उघडावं लागतं. प्राध्यापकांना त्याची अडचण नाही. पाणीवापर संस्थेचा सचिव किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता मात्र खातं उघडण्याच्या पायरीवरूनच परत फिरतो. वर्डप्रेसवर चालणाऱ्या कॉमेंटप्रेसमध्ये नाव आणि ईमेल एवढंच पुरतं. मला ही माणसं हवीच होती, म्हणून मी तेच घेतलं. काहींनी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवले. त्यांना विचारून, त्यांच्या नावाने, ते उतरवून योग्य परिच्छेदाखाली लावले आणि शेवटी ‘ध्वनिमुद्रणावरून’ असं नोंदवलं. पुस्तकातल्या दुरुस्त्यांपैकी सर्वांत मोलाच्या या लोकांकडून आल्या. ‘हे पांझरेवरचं की मोसमवरचं? आणि कोणत्या काळातलं?’ असा एक प्रश्न पाटकऱ्याच्या मोबदल्याबद्दलच्या परिच्छेदाखाली आला, आणि त्या प्रकरणातली सगळी सरसकट विधानं नदीवार तपासून घ्यावी लागली. ग्रंथालयात बसलेल्या समीक्षकाला हा प्रश्न सुचणं अवघड आहे.

आमंत्रण हा वेगळा उद्योगच आहे. ‘माझं पुस्तक खुलं आहे, जरूर वाचा’ अशी सामूहिक पत्रं वाया जातात. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र, त्यात एकाच भागाचा दुवा आणि एकच नेमका प्रश्न: ‘चौथ्या प्रकरणातला 1 ते 14 हा भाग पाहाल का? लाभक्षेत्राचं गणित पटतं का?’ आपण होऊन येणारे वाचक प्रस्तावना आणि पहिल्या प्रकरणावरच तुटून पडतात, म्हणून आमंत्रितांना मुद्दाम शेवटच्या प्रकरणांपासून सुरुवात करायला सांगावं. मुदत सहा ते आठ आठवडे पुरते. त्याहून लांबवली तर मधल्या काळात शुकशुकाट होतो. परीक्षांचे दिवस आणि दिवाळी टाळावी. मध्यावर एक आठवण आणि शेवटच्या आठवड्यात एक, याहून जास्त पत्रं पाठवू नयेत.

नावाचा प्रश्न नाजूक आहे. ‘खुलं समीक्षण’ म्हणताना लोक वेगवेगळ्या गोष्टी धरतात. टोनी रॉस-हेलाउअर यांनी 2017 मध्ये 122 व्याख्या तपासून सात गुणधर्म वेगळे काढले; खुली ओळख आणि खुला सहभाग हे त्यातले दोन स्वतंत्र गुणधर्म. ते वेगळे ठेवता येतात हे ध्यानात घेतलं, तर बराच गुंता सुटतो. पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी तिच्या भावी परीक्षकाच्या मित्राच्या पुस्तकावर नावानिशी टीका करणार नाही, आणि तिने करावी अशी अपेक्षा धरणंही अन्यायाचं आहे. म्हणून टोपणनावाची मुभा दिली. खरी ओळख फक्त संपादकांना माहीत.

टिप्पण्या येऊ लागल्यावर लेखकाने काय करावं? पहिल्या टिप्पणीला मंजुरी, पुढच्या थेट, ही व्यवस्था कचरा संदेश रोखायला पुरेशी आहे. मंजुरीला एक दिवसाहून जास्त वेळ लावू नये, नाहीतर लिहिणारा परत येत नाही. टीका कितीही कडक असो, ती काढायची नाही. व्यक्तीवर घसरलेलीच तेवढी काढायची आणि काढल्याचं तिथेच नोंदवायचं. उत्तर देताना स्वतःची बाजू मांडत बसू नये. लेखकाने लांबलचक समर्थन केलं की त्या परिच्छेदावरची चर्चा तिथेच मिटते. ‘याचा कागद कुठे मिळेल?’, ‘हे तुमच्या गावापुरतं की वरच्या बंधाऱ्यावरही?’ असा उलट प्रश्न चर्चा पुढे नेतो. एकच वाचक पानोपानी लिहू लागला तर इतर मागे सरतात. त्यालाही स्वतंत्र पत्र लिहून एखादं प्रकरण सोपवावं. उत्साह योग्य जागी लागतो आणि इतरांना जागा मिळते.

मुदत संपली की टिप्पण्या वर्डप्रेसमधून निर्यात करून तक्त्यात घेतल्या. रकाने सहा: परिच्छेद क्रमांक, कुणी लिहिलं, काय लिहिलं, प्रकार, निर्णय, नव्या मसुद्यातली जागा. प्रकार चारच ठेवले: तथ्य, स्रोत, युक्तिवाद, भाषा. तथ्य आणि स्रोत आधी हाताळावे, कारण त्यांनी युक्तिवाद बदलू शकतो आणि मग भाषेच्या सूचना ज्या वाक्यांवर होत्या ती वाक्यंच उरत नाहीत. प्रकाशनाला पाठवायच्या उत्तरात प्रत्येक टिप्पणीला स्वतंत्र उत्तर नको, एकाच मुद्द्यावरच्या एकत्र कराव्या. मात्र जी सूचना नाकारली, तिचं कारण द्यावंच.

दोन्ही वाटांचे निष्कर्ष शेजारी ठेवले की फरक लख्ख दिसतो. निनावी अहवालांनी पुस्तकाची बांधणी पाहिली: दुसरं आणि तिसरं प्रकरण एकत्र करा, सिद्धांताची चर्चा आधी आणा. खुल्या टिप्पण्यांत संपूर्ण पुस्तकाबद्दल जवळपास काहीच नसतं, कारण परिच्छेदाशेजारी लिहिणारा परिच्छेदच पाहतो. वाक्यावाक्याची झडती मात्र त्यांच्याइतकी कुणी घेत नाही. म्हणून एकाच्या जागी दुसरं ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. आधी निनावी अहवालांनुसार प्रकरणं लावून मग मसुदा खुला केला, तर उद्या गळणाऱ्या पानांवर वाचकांचे श्रम खर्च होत नाहीत. सोबत चालवायचं असेल, तर अहवाल आधी हातात येतील एवढं अंतर तरी ठेवावं.

आभारात नाव घालण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावं, नाव कसं लिहायचं तेही. खुला मसुदा टिप्पण्यांसह झेनोडो या संशोधनसाहित्याच्या ऑनलाइन भांडारात ठेवून त्याचा डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) घेतला, आणि संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर ‘हा जुना मसुदा आहे, संदर्भ देताना छापील पुस्तक वापरा’ अशी पट्टी लावली. ही पट्टी नसेल तर पुस्तकात दुरुस्त झालेली विधानंही मसुद्यातून जुन्याच रूपात उचलली जातात.

भारतातल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांसाठी एक शेवटचं. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 12 आणि राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 10 गुण आहेत. खुल्या टिप्पण्यांना त्यात वेगळं स्थान नाही. पदोन्नतीच्या फाइलमध्ये कुणी मसुद्याचं संकेतस्थळ पाहून ‘हे तर आधीच नेटवर होतं’ असा शेरा मारू शकतं. पुस्तकाचं समीक्षण दोन निनावी समीक्षकांकडून झालं, खुला मसुदा प्रकाशनाच्या संमतीने होता आणि अंतिम संहिता संपादक मंडळाने मंजूर केली, असं पत्र प्रकाशनाच्या लेटरहेडवर, तारखांसह, पुस्तक हाती येताच मागून घ्यावं.