बाबांची भाजीची पिशवी

बाबांच्या चालीने बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून खंडेराव मार्केट वीस-पंचवीस मिनिटांवर. रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन जायचे, चार ठिकाणी भाव करायचे, येताना सूरसागर तलावाकाठी जरा टेकायचे.

पंचाहत्तरी झाली, गुडघा दुखायला लागला. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही आता बसा. भाजी मी मागवते.” भाजी, औषधं, दूध सगळं दारात यायला लागलं. आणि बाबा खरंच बसले.

दीडेक वर्षानंतरची गोष्ट. मेथी निवडत होते. पानं खुडली आणि टाकली देठांच्या ढिगात, देठ पातेल्यात. असं दोन-तीनदा झालं. मग हात थांबला. माझ्याकडे बघून म्हणाले, “पालक कशात ठेवू गं?”

डॉक्टरांनी बी-12, थायरॉइड सगळं तपासलं. ठीक होतं. मग विचारलं, “दिवसभरात चालतात किती?” मला उत्तर देवेना. दिवाण ते न्हाणीघर, न्हाणीघर ते टीव्ही.

त्यानंतर मी बरंच वाचलं. नव्या आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग उतारवयात आकसत जातो. अमेरिकेत 55 ते 80 वयाच्या 120 जणांवर वर्षभर एक प्रयोग झाला, 2011 साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठवड्यातून 3 दिवस चालायला लावलं, हळूहळू 40 मिनिटांपर्यंत. बाकीच्यांना नुसते अंग ताणण्याचे व्यायाम. चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा 1.4 टक्क्यांनी घटला. या लोकांना स्मृतिभ्रंश नव्हता, त्यामुळे बाबांना तेवढाच गुण येईल असं मी धरून चालत नाही. पण बसून राहणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे, आणि ते मी माझ्या हाताने घरात आणलं. बाबांचा बाजार म्हणजे नुसते पाय नव्हते हो. भाव लक्षात ठेवणं, हिशेब, ओळखीची माणसं, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघणं, सगळं त्यात होतं.

चार महिन्यांपासून पुन्हा जातोय, दोघं मिळून. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, निम्म्या वाटेत विसावा. मी एक पाऊल मागे राहते आणि भाव करत नाही.

परवा घरी आल्यावर त्यांनी पिशवी ओट्यावर रिकामी केली. लीलवा म्हणजे तुरीचे ओले दाणे, रताळी, आलं. कोथिंबीर नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनीच चप्पल घातली. “राहिली. थांब, आणतो.”

मीही चप्पल घातली.